चाटण

दस्तगीरचाचांची घोडी भिंत चाटते.
तांबट आळीच्या मागच्या बोळात
तबेला म्हणजे चार पत्रे, एक कडुनिंब
आणि मोडीत न घातलेलं टांग्याचं एक चाक.
तिथे चुन्याच्या भिंतीवर एक ओला नकाशा आहे.
रोज जिभेएवढा वाढतो.

मी जनावरांच्या दवाखान्यातला पट्टीबंधक.
माझं काम धरायचं.
पाय धरायचा, कान धरायचा,
कधीकधी मालकाचा हात.
सही डॉक्टरांची.

वाघचौरे मॅडमनी कोजागरीच्या तोंडावरून बोट फिरवलं.
नाकाच्या दोन्ही अंगांना हाड फुगलेलं,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखं.
विचारलं, "खायला काय घालता?"

चाचा इतके खुलले की मला कसंतरीच झालं.
"कोंडा. गव्हाचा. गिरणीतून ताजा आणून
कोमट पाण्यात भिजवतो, वर गुळाचा खडा.
सोळा वर्षांत एक दिवस खाडा नाही.
आम्ही कोरडी भाकर खाल्ली असेल,
हिचा कोंडा कधी कोरडा नाही."

मॅडम स्टेथोस्कोप गुंडाळत राहिल्या.
मग हळू आवाजात,
कोंड्यात फॉस्फरस फार, कॅल्शियम नावाला.
रक्ताला हिशेब जुळवावाच लागतो,
ते हाडांकडे जातं उसनं मागायला,
आणि हाडं देत राहतात.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं.
मराठीत सांगितलेलं
मी पुन्हा मराठीतच सांगितलं.

राखाडी भुकटी. दिवसाला पन्नास ग्रॅम.
नात तहसीन पाकिटावरचं वाचत होती:
जस्त, मँगनीज, कोबाल्ट, तांबं...
"तांबं?"
समोरच्या दुकानात हंड्यावर हातोडी पडतच होती,
ठण्, ठण्, जन्मापासून पडतेय तशी.
"मग हिच्या कानात काय कमी गेलंय?"

पहिल्या दिवशी घमेलं उलटं.
दुसऱ्या दिवशी तिने हरभरे वेचले,
ओठांनी, एकेक,
सराफाने मोती पारखावेत तसे.
तळाला भुकटी राहिली.
चाचांनी ती पुड्यात बांधून वाण्याकडे तोलली.
अठ्ठेचाळीस ग्रॅम.

गाजरात पेरली. लसूणघासात दडवली.
कोपरगावच्या कोण पाव्हण्याकडून काकवी आली.
शेवटी एका पहाटे
चाचांनी काकवी तळहाताला फासली,
तिच्यावर भुकटी,
आणि हात नुसता धरून ठेवला
भिंत आणि ती यांच्या मधे.

पन्नास ग्रॅम म्हणजे अकरा तळहात.
अर्धा तास लागतो.
तहसीन म्हणते, अब्बाच्या हातावरच्या रेषा
आता फक्त अंगठ्याजवळ उरल्यात.

मार्गशीर्षात नाशिकरोडहून एक जण लग्नाची तारीख घेऊन आला,
हजारभर रुपये विसार काढून.
चाचांनी विचारलं, "नवरदेवाचं वजन?"
"असेल नव्वद."
"मग गाडीतनं आणा."

फुगलेलं हाड परत बसत नाही.
मॅडमनी ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
मी ते तेवढं पुन्हा सांगितलं नव्हतं.
काल चाचाच म्हणाले, नकाशाकडे बघत,
"बसणार नाही ना रे ते?"
मी चाकाच्या आऱ्या मोजल्या. बारा.
एक तुटलेली.
"पुढं वाढणार नाही," म्हटलं.
"बस," ते म्हणाले, आणि सातवा तळहात पुढे केला.

निघताना कोजागरीने माझा खिसा हुंगला,
मग ओठाने ओढला.
बायको रोज चहाच्या बशीत ठेवते ती पांढरी गोळी,
दिवाळीपासूनच्या सगळ्या
खिशात सांडलेल्या, एकमेकींना घासून भुगा झालेल्या.

चाचांनी पाहिलं.
काही बोलले नाहीत,
काकवीने माखलेला हात तसाच वर धरून
दुसऱ्या हाताने कोनाड्यातला
तांब्याचा तांब्या
माझ्यापुढे केला.